न्हावाशेवा ते जालना भंगाराच्या कंटेनरसाठी ट्रेलर दोन अॅक्सलचा घ्यावा की तीन?

तीन. भंगार भरणार असाल तर दुसरा विचार करू नका.

तुमच्याकडे सहा टायरी हॉर्स (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आहे, मागे ४० फुटी ट्रेलर घ्यायचाय आणि डीलर म्हणतो टँडम, म्हणजे दोन अॅक्सलचा घ्या, चार टायर वाचतील. हेच वाक्य माझे थोरले बंधू आम्हाला वर्षानुवर्षं ऐकवत आलेत, म्हणून लिहायला बसलो.

दादांनी माझं न ऐकता टँडम घेतला. थोड्याच दिवसांत जालन्याच्या एका मिलचा वीस फुटी कंटेनर मिळाला. आत २७ टन भंगार, कंटेनरचं स्वतःचं वजन सव्वादोन टन, हॉर्स आणि ट्रेलर मिळून १३ टनांच्या आसपास. बेरीज ४२ च्या पुढे. २०१८ च्या नव्या मर्यादेनुसार हॉर्सच्या पुढच्या अॅक्सलला ७ टन, ड्राइव्हला (हॉर्सच्या मागच्या अॅक्सलला) साडेअकरा, टँडमला २१, म्हणजे एकूण साडेएकोणचाळीस. नाशिकच्या अलीकडे वजनकाट्यावर गाडी अडवली. २०१९ च्या दुरुस्तीपासून ओव्हरलोडला २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार दंड आहे, शिवाय जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. आता सील केलेल्या कंटेनरमधून अडीच-तीन टन भंगार रस्त्यावर कुठे उतरवणार? अख्खा कंटेनरच दुसऱ्या गाडीवर घ्यावा लागला. क्रेनचं भाडं, दुसऱ्या गाडीचं भाडं, मिलवाल्यांची बोलणी, सगळं आमच्या अंगावर. ड्रायव्हर बिचारा दोन रात्री केबिनमध्ये. तरी दादा म्हणतात, "लोडिंगवाल्याची चूक."

ट्रायअॅक्सलला, म्हणजे तीन अॅक्सलच्या ट्रेलरला, २७ टन धरतात. त्याच हॉर्सवर एकूण साडेपंचेचाळीस होतात, आणि तोच कंटेनर ताठ मानेनं काट्यावरून जातो. टोलचं म्हणाल तर चार ते सहा अॅक्सल एकाच वर्गात येतात. टँडमला आणि ट्रायअॅक्सलला टोल सारखाच, त्यामुळे "जास्त अॅक्सल, जास्त टोल" हा दादांचा दुसरा मुद्दाही निकालात.

टायर घासतात हे मात्र खरं. यार्डात गाडी पूर्ण वळवली की ट्रेलरचा मधला अॅक्सल फिरतो, पण पुढचा-मागचा आडवा ओढला जातो. आमच्या यार्डातल्या काँक्रीटवर रबराचे काळे कमानदार पट्टे उमटलेत, आणि त्या टायरांच्या कडा हाताला करवतीसारख्या लागतात. वळण मोठं घ्यायची ड्रायव्हरला सवय लावा, टायरांच्या जागा बदलत राहा. परतीला रिकामंच यायचं असेल तर लिफ्ट अॅक्सलचा (गाडी रिकामी असताना वर उचलता येणाऱ्या अॅक्सलचा) खर्च करा.

कापसाच्या गाठी, ऑटो पार्ट, रिकामे कंटेनर एवढंच ओढणाऱ्याला टँडम पुरतो, तिथे माझा वाद नाही.

आणि एक. एकूण वजन बसलं म्हणजे झालं असं नाही. वीस फुटी जड कंटेनर ट्रेलरच्या मध्यावर ठेवला तर किंगपिनवर (ट्रेलर हॉर्सला जोडणाऱ्या खुंटीवर) बरंच वजन येतं आणि ड्राइव्ह अॅक्सल साडेअकराच्या वर जातो. तो थोडा मागे, ट्रेलरच्या अॅक्सलच्या बाजूला सरकवून लॉक करायला लावा. सेकंडहँड ट्रेलर बघत असाल तर अॅक्सल मोजण्याआधी आरसी मागा. पकडतात ते आरसीवरच्या वजनावर, आणि जुन्या आरसीवर जुनाच आकडा असू शकतो.