धडधाकट माणसाचा फ्लू न्यूमोनियावर जातो, तो प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे का?

तुम्ही लिहिलंय की सातपूरला नोकरी करणारे, रोज व्यायाम करणारे तुमचे 42 वर्षांचे काका फ्लूने थेट आयसीयूत गेले. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल (जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पेशी) 88 टक्के, लिंफोसाइट (अँटिबॉडी बनवणाऱ्या आणि विषाणूशी लढणाऱ्या पेशी) 7 टक्के. डॉक्टर म्हणाले, "स्वतःच्याच पेशींनी फुप्फुस बिघडवलं," आणि घरचे म्हणतात, काढा दिला असता तर ही वेळ आली नसती.

मी गंगापूर रोडला पॅथॉलॉजी लॅब चालवतो. नाशिकची थंडी पडली की असे रिपोर्ट नेहमीचेच. माझं मत डॉक्टरांच्या बाजूने आहे, फक्त त्यात एक आधीचा अर्धा भाग राहिलाय.

विषाणूची आधीची ओळख नसतानाही कामाला लागणाऱ्या पेशी असतात, ती जन्मजात प्रतिकारशक्ती. अँटिबॉडी तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. तोवर सगळा भार यांच्यावर. फुप्फुसाच्या वायुकोशांत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी, कायम मुक्कामाला असतात. धूळ उचलायची, जुना सर्फॅक्टंट (वायुकोश मिटू न देणारा पातळ थर) साफ करायचा आणि उगाच दाह होऊ द्यायचा नाही, हे त्यांचं रोजचं काम. तिथे हवा आणि रक्त यांच्यातला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, त्यामुळे दाह परवडत नाही.

विषाणू शिरला की पहिल्या काही तासांत इंटरफेरॉन हे धोक्याची सूचना देणारं प्रथिन सुटायला हवं. ते शेजारच्या पेशींना सावध करतं. ते उशिरा आलं तर विषाणूला रान मोकळं. 2020 मध्ये कोविडच्या अत्यवस्थ रुग्णांपैकी किमान 10 टक्के लोकांत स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या, त्यात बहुतेक पुरुष होते. पुढे गंभीर फ्लूच्या काही रुग्णांतही त्या दिसल्या. अशी माणसं एरवी ठणठणीत असू शकतात! काकांच्या बाबतीत हेच झालं असं मी म्हणत नाही, पण व्यायामाने भरून न निघणारी उणीव असू शकते ती अशी.

दुसरा भाग म्हणजे डॉक्टरांनी सांगितला तो. विषाणू वाढला की मुक्कामी मॅक्रोफेज मरतात, त्यांच्या जागी रक्तातून मोनोसाइट या पांढऱ्या पेशी येतात आणि ते जास्त भडक असतात. पाठोपाठ न्यूट्रोफिलांची रीघ लागते. न्यूट्रोफिल आपला डीएनए बाहेर फेकून जाळं टाकतो, हे 2004 मध्ये बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. जंतू अडकवायला ते ठीक, पण त्या जाळ्याला चिकटलेली पाचक द्रव्यं वायुकोशाचं अस्तरही खातात आणि बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या व्हायला मदत करतात. पडदा गळू लागतो, वायुकोशात पाणी भरतं, ऑक्सिजन उतरतो.

आता तो 88चा आकडा. नुसत्या त्याच्यावरून निष्कर्ष काढू नका. स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि आकडा आपोआप चढतो. फ्लूवर जिवाणूंचा न्यूमोनिया चढला तरी चढतो. म्हणून आम्ही काचेवर रक्त पसरून लेशमन स्टेन (पेशी रंगवायचं द्रव्य) करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो: अपक्व न्यूट्रोफिल किती, पेशीत गडद दाणे आहेत का. आयसीयूचे डॉक्टर त्याच्या जोडीला कल्चर, म्हणजे नमुन्यात जिवाणू वाढतात का याची तपासणी, बघतात.

स्टेरॉइडबद्दलही विचारलंय. कोविडमध्ये 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले, पण ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना काही फायदा झाला नाही. हाच नियम फ्लूला लावता येत नाही. फ्लूच्या न्यूमोनियात स्टेरॉइड सरसकट देत नाहीत, दुसरं कारण असेल तरच.

काढ्याने इंटरफेरॉन वेळेवर सुटतं, असं दाखवणारं मी काही पाहिलेलं नाही. घशाला बरं वाटतं, तेवढ्यापुरता घ्यावा. घरात आणखी कुणाला ताप-खोकला आला, विशेषतः आजी, गरोदर बाई किंवा मधुमेही कुणी असेल, तर डॉक्टरांकडे लगेच जा आणि काकांचं निदान सांगा. ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं. दवाखान्यात दाखल झालेल्या गंभीर रुग्णाला ते त्यानंतरही देतात.