बार कॉर्ड धरताना मनगट दुखतं

प्रश्न : वय ४६. अकूस्टिक गिटार शिकतेय. एफचा बार कॉर्ड (तर्जनी तारांवर आडवी टेकवून धरायचा कॉर्ड) धरला की अंगठ्याचं मूळ आणि मनगट ठणकतं. जोर कमी पडतोय का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, जोर कमी नाही, नको तिथे जास्त पडतोय. एफमध्ये तर्जनीला सहाही तारा दाबायच्याच नसतात. पहिली, दुसरी आणि सहावी एवढ्याच तिच्या. बाकी तीन इतर बोटं सांभाळतात. मी विद्यार्थ्यांना हे आधी सांगतो, निम्मा ताण तिथेच उतरतो. तर्जनी अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलवा, फ्रेटच्या (गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या) पट्टीलगत ठेवा. अंगठा मागे नुसता टेकवा. ओढ दंडाच्या वजनाची हवी. गिटार डाव्या मांडीवर घेतली की मनगट बरंच सरळ राहतं.

पहिल्या फ्रेटवर, नटपाशी (दांड्याच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी), तारा सर्वांत कडक लागतात. म्हणून हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा (तिथे तो ए मेजर होतो) आणि सूर स्वच्छ आला की एकेक फ्रेट मागे या. तारा १२च्या (जाड) असतील तर १०च्या (बारीक) लावा, नटच्या खाचा जाणकाराकडून तपासून घ्या.

दुखलं की लगेच थांबा, कृपा करून रेटू नका. बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर रियाज बंद ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.