पानं गळून राहिली अन् तुम्ही म्हणता वसंत आला?

फेब्रुवारी लागला की या पानावर येणाऱ्या प्रश्नांचा रंगच बदलून जाते. डिसेंबरात सगळे हुरडा अन् सांबारवडीवर होते, आता एकदम झाडावर चढले. तर यावेळी झाडंच घेऊ, बाकीचे प्रश्न (त्यात तिघांनी एकच प्रश्न विचारला, मुलगा मोबाईल सोडत नाही) पुढच्या अंकात.

प्रश्न : भाऊ, वसंत पंचमीला पोरीला पिवळा फ्रॉक घालून शाळेत पाठवलं, मॅडमनी सांगितलं आजपासून वसंत. घरी येऊन म्हणते, आई अंगणातल्या कडुलिंबाची तर पानं गळून राहिली, मग हा वसंत कसला? मी पंचांग काढलं तर त्यात वसंत ऋतू चैत्रापासून लिहिलेला. खरं कोणाचं, मॅडमचं, पंचांगाचं की पोरीचं? (एक ताई, सक्करदरा)

ताई, पहिले त्या पोरीला माझ्याकडून एक संत्रा द्या, कारण कॅलेंडर न पाहता झाडाकडं पाहणारी घरात तीच एक दिसते.

आता पंचांगाचं सांगतो. आपल्या जुन्या हिशोबात चैत्र-वैशाख म्हणजे वसंत अन् माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर, वसंत पंचमी येते माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे ऐन शिशिरात. म्हणून गोंधळ होते. पण आपलंच सरकारी राष्ट्रीय कॅलेंडर, जे आकाशवाणीच्या बातम्यांत "शके" म्हणून ऐकू येते, ते वसंत फाल्गुन-चैत्रात धरते, अन् त्यांचा फाल्गुन २० फेब्रुवारीला सुरू होते. हे कॅलेंडर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीनं बनवलं अन् २२ मार्च १९५७ पासून लागू झालं. एक महिना अलीकडं काहून घेतला? कारण पृथ्वीचा अक्ष भवऱ्यासारखा हळूहळू डुलते, त्याच्यानं नक्षत्रांवर बांधलेलं पंचांग अन् खरे ऋतू यांच्यात साधारण ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडत जाते. संक्रांत पाहा ना, सूर्य उत्तरेकडं वळते २१-२२ डिसेंबरला अन् आपण तीळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. तोच हा फरक. म्हणजे मॅडम फार चुकल्या नाहीत, थोड्या लवकर बोलल्या एवढंच.

आता पोरीच्या मुद्द्यावर येतो, तो जास्त महत्त्वाचा आहे. आपल्या डोक्यात वसंताचं जे चित्र बसलं ना, बर्फ वितळला, ओल आली, हिरवं गवत उगवलं, ते आपलं नाहीच बावा. ते सिनेमातलं अन् थंड देशातलं. नागपुरात वसंत येते तेव्हा जमीन वाळत चाललेली असते, शेवटचा धड पाऊस होऊन तीन-चार महिने झालेले, पुढचा यायला अजून तेवढेच बाकी. अन् नेमकं याच कोरड्या दिवसांत झाड नवीन पालवी काढते. पाणी आणते कुठून? तर जुनी पानं टाकून. पानांतून सारखी वाफ उडत असते, पानं गळाली की ती गळती बंद होते, खोल गेलेली मुळं मात्र खालची ओल ओढतच राहतात, ते पाणी खोडात साठते अन् मग दिवस मोठा व्हायला लागला की डोळे फुटतात. म्हणजे पानगळ अन् वसंत हे आपल्याकडं दोन वेगळे ऋतू नाहीतच, एकाच कामाचे दोन हात आहेत. दिवाळीत आपण नवीन सामान लावायच्या आधी जुनं भंगारवाल्याला देतो, तसं.

पोरीला म्हणा कडुलिंबाखाली रोज सकाळी उभी राहा अन् वर पाहा. पुरता बोडका तो फार तर काही दिवसच राहते, कधीकधी तर एक फांदी झडलेली अन् शेजारच्या फांदीवर तांबूस कोंब, असं एकाच झाडावर दिसते. पाडव्याला गुळासोबत जो मोहोर खातो तोही त्याच्यामागूनच येते.

(सागाची गोष्ट वेगळी बरं का. तो पान टाकते अन् पावसापर्यंत बहुतेक तसाच काड्या होऊन उभा राहते. त्याला काही घाई नाही.)

प्रश्न : आमच्या गच्चीला लागून पिंपळ आहे. त्याची नवीन पानं हिरवी न येता गुलाबी-तांबडी येऊन राहिली. कीड लागली का? औषध मारू का? शेजारी म्हणतात मोरचूद मारा. (रिटायर्ड काका, प्रतापनगर)

काका, शेजाऱ्याला चहा पाजा अन् मोरचूद त्याच्याच घरी राहू द्या. झाड ठणठणीत आहे.

कोवळ्या पानात आधी लाल रंगद्रव्य असते, अँथोसायनिन म्हणतात त्याला, अन् हिरवं हरितद्रव्य मागाहून भरते. ज्यांनी यावर काम केलं ते दोन कारणं सांगतात, एक तर आपलं फेब्रुवारी-मार्चचं ऊन कोवळ्या पानाला झेपत नाही, हा लाल रंग थोडी सावली देते. अन् दुसरं, पान मऊ असते तोवर अळ्या-किडे त्याच्यावर तुटून पडतात, मग झाडानं तेव्हाच त्याच्यात सगळा भारी माल कशाला भरावा? पान जाड होऊ दे, मग भरू. पक्का व्यवहारी हिशोब आहे, इतवारीतल्या दुकानदारासारखा. कुसुमाच्या झाडाला तर अशी लालबुंद पालवी येते की लांबून लोकं फुलंच समजतात.

मागच्या वर्षी मी एक उद्योग केला होता. आमच्या गल्लीतल्या पिंपळाची एक फांदी हाताला लागते, तिच्या शेंड्याच्या पानाला खाली लाल दोरा बांधला अन् रोज दूध आणायला जाताना पाहत गेलो. पहिल्या दिवशी पान अंगठ्याएवढं, ओलं असल्यासारखं चकचकीत, खाली लोंबलेलं, रंग कच्च्या कांद्याच्या सालीचा. मग तांब्याचा झाला, मग पोपटी, शिरा आधी अन् मधला भाग मागून, अन् दोनेक आठवड्यांत ते पान इतर पानांसारखं कडक होऊन वाऱ्यावर सळसळायला लागलं. मग कोणीतरी माझा दोरा नवसाचा समजून शेजारी अजून दोन बांधले, तेव्हा मी प्रयोग थांबवला.

खरी कीड असली तर पान आकसते, डाग पडतात, मागून चिकट लागते. तसं काही दिसलं तर लिहा.

प्रश्न : होळीला पोट्ट्यांसाठी पळसाच्या फुलांचा रंग करायचा आहे. फुलं कुठं मिळतील अन् रंग पक्का कसा येते? दरवर्षी आमचा फिका चहा होते. (एक आई, त्रिमूर्तीनगर)

फुलं शोधायला लांब जायचं काम नाही, काटोल रोडनं निघा नाहीतर रामटेककडं, गाव संपलं की बांधाबांधावर पळस दिसते. पान एक नाही अन् झाड पेटल्यासारखं. तिकडं थांबलात तर दहा मिनिटं फुलं न तोडता नुसते उभे राहा, मैना, कोतवाल, शिंजीर, खारुताई, सगळ्यांची मधासाठी अशी झुंबड असते की आपल्या सीताबर्डीच्या मेन रोडची आठवण यावी. पानं नसल्यामुळं फूल पाखरांना दुरून दिसते, झाडाचा फायदा त्याच्यातच आहे. (अन् पानं आली की मोजून पाहा, तीनच. म्हण काही उगाच नाही पडली.)

फुलं झाडावरची तोडू नका, खाली पडलेली ताजी उचला, भरपूर असतात. हिरवट-काळे देठ काढून टाका, नाहीतर रंग मळकट होते, तुमचा चहा बहुतेक त्याच्यानंच होत असेल. पाकळ्या रात्रभर पाण्यात भिजवा किंवा पाणी गरम करून त्यात टाका, बादलीच्या मानानं फुलं जास्त अन् पाणी कमी ठेवा. पिवळा रंग उतरतो. मग पानावर लावायचा चुना चिमूटभर, अगदी चिमूटभर, थोड्या पाण्यात कालवून त्याच्यात टाका अन् पाहा, पिवळ्याचा केशरी डोळ्यांदेखत होते, पोट्टे त्याच्यावरच खूश होतात. चुना जास्त झाला तर डोळ्यांत झोंबेल, म्हणून ते काम मोठ्यांनीच करायचं, अन् कापडातून गाळून घ्या, नाहीतर पिचकारी चोंदते.

प्रश्न : नरखेडला आत्याकडं गेलो होतो, तिथं संत्र्याच्या झाडाला पांढरी फुलं होती अन् त्याच दिवशी बाजारात संत्री पण विकायला होती. हे एकाच वेळी कसं? (दहावीतला विद्यार्थी, महाल)

बेटा, दहावीचं वर्ष असून तू फुलं पाहून राहिला हे मी तुझ्या बाबांना सांगत नाही.

संत्र्याचे आपल्याकडं दोन बहार असतात. मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला जून-जुलैत फुलतो अन् त्याची फळं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतात, तू बाजारात पाहिली ती ही. अन् आंबिया बहार, जो आंब्याच्या मोहोराच्या वेळी फुलतो, जानेवारी-फेब्रुवारीत, अन् त्याची फळं दिवाळीच्या आगेमागे कळमन्यात उतरतात. तू पाहिलेली फुलं ती.

गंमत पुढं आहे. ही फुलं आपोआप अशी भरभरून येत नाहीत, झाडाला "ताण" द्यावा लागते. आत्याच्या घरी विचार, ते सांगतील. थंडीत पाणी तोडतात, काळ्या जमिनीत जास्त दिवस, हलक्या जमिनीत कमी, पानं थोडी मलूल झाली, पिवळी पडली की समजायचं ताण बसला. मग मशागत, खत, अन् पाणी सोडायचं. झाड इतके दिवस उपाशी ठेवलेलं, पाणी मिळालं की एकदम फुटते, फुलाफुलानं. म्हणजे कडुलिंब स्वतः होऊन जे करते तेच इथं शेतकरी मुद्दाम करवून घेते. त्याच्यात जीव किती टांगणीला असते ते मात्र बाजारातून कळत नाही, कारण हेच दिवस गारपिटीचे. बंगालच्या उपसागराकडून दमट वारं येते, पश्चिमेकडून कोरडं, दोघांची गाठ विदर्भाच्या डोक्यावर पडली की दुपारी भल्लं ऊन अन् संध्याकाळी बोराएवढ्या गारा. फूल गेलं की वर्ष गेलं.

पुढच्या वेळी संध्याकाळी जा बागेत. दिवस मावळला की जो वास सुटते त्याला मी शब्द शोधत बसत नाही.

प्रश्न : कोकिळा गाते की कोकीळ? अन् थंडीत ती कुठं जाते? (दोघींची पैज, धरमपेठ)

गातो तो नर, काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर ठिपके, ती फक्त किक-किक करते. कुठं जात नाही कोणी, थंडीत इथंच गुपचूप बसून असतात. कावळ्याची घरटी बांधायची वेळ जवळ आली की यांचा आवाज फुटते, कारण अंडी त्याच्याच घरट्यात घालायची असतात. पण कोकीळ तोंड उघडायच्या आधीपासून जो दुपारभर टुक-टुक-टुक करून राहिला ना, तांब्याची भांडी ठोकल्यासारखा, तो तांबट. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. सेमिनरी हिल्सवर उभं राहिलं की चारी बाजूंनी ऐकू येते अन् दिसत मात्र नाही. पैज कोण जिंकलं ते कळवा.

प्रश्न : आमच्या लेआउटमध्ये एक गृहस्थ रोज सकाळी गळलेली पानं गोळा करून पेटवतात. आईला दमा आहे. बोललं तर म्हणतात, पानंच आहेत, प्लास्टिक थोडीच आहे. काय करावं? (बेसा)

पानांचा धूर पण धूरच असते, अन् सकाळच्या थंड हवेत तो वर न जाता घरांच्या उंचीवरच फिरत राहते, म्हणून आईंना जास्त त्रास. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, दंड ५,००० रुपये. हे त्यांना सांगा, पण पहिल्याच दिवशी नका सांगू.

पहिल्या दिवशी एक जुना ड्रम घेऊन जा. बाजूंनी भोकं पाडा, खाली काड्या, मग वीतभर वाळलेली पानं, त्याच्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा, पुन्हा पानं, थोडं ताक किंवा शेण, अन् पिळलेल्या फडक्याएवढी ओल. आठवड्याला एकदा हलवायचं. साधारण तीन महिन्यांत, म्हणजे ऐन मे महिन्यात, खत हातात. आमच्या गल्लीतही असे एक काका होते, त्यांना मी ड्रमच्या पहिल्या खतातला अर्धा वाटा कबूल केला. आता ते दुसऱ्यांच्या दारापुढची पानं पण उचलून नेतात, त्याच्यावरून वेगळं भांडण सुरू आहे.

प्रश्न : स्वेटर ठेवू का कूलर काढू? (नावाची गरज नाही, अख्खं नागपूर)

दोन्हीची घाई करू नका. आपण समुद्रापासून दोन्हीकडून लांब, हवा कोरडी, आभाळ मोकळं, म्हणून दिवसाची गरमी रात्री लगेच उडून जाते. दुपारी रसवंतीसमोर उभे असलेले लोकं पहाटे फुटाळ्यावर कानटोपी घालून फिरतात. कूलरचा पंप तेवढा चालवून पाहा, ताट्या मार्चात बदला, खस घेत असाल तर गर्दीच्या आधी घ्या. आमच्या घरी सध्या रात्री पंखा दोनवर अन् अंगावर ब्लँकेट असं चालू आहे, पहाटे चारला कोणीतरी उठून पंखा बंद करते. कोण ते अजून कोणी कबूल झालं नाही.