भाषा-शंका : क्लिंक, क्लॅंक की क्लॅंग?

प्रश्न : ग्रामीण कथांचे इंग्रजी भाषांतर करतो. बैलांच्या घुंगरमाळा, विहिरीवरची बादली, बांगड्या, लोखंडी फाटक, सगळ्यांच्या आवाजाला शब्दकोश क्लिंक, क्लॅंक, क्लॅंग, जिंगल असे शब्द देतो आणि अर्थ मात्र सगळ्यांचा 'खणखण' लिहितो. निवड कशी करावी? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : वस्तू कोणती आहे याच्या आधी, आघात झाल्यावर आवाजाचे पुढे काय होते ते पाहा. स्टीलची वाटी बोटांच्या टोकांवर मधोमध तोला आणि काठावर चमचा हलकेच मारा. नाद काही वेळ रेंगाळतो. आता तीच वाटी काठाशी घट्ट आवळून धरा आणि तेवढ्याच जोराने मारा. आवाज निघतो तिथेच मरतो, कारण काठाचे कंपन हात शोषून घेतो. रेंगाळणाऱ्या नादाला इंग्रजीत बहुधा 'ंग'ने संपणारे शब्द आहेत : टिंग, रिंग, क्लॅंग. तुटक आवाजाला 'ंक'चे : चिंक, क्लिंक, क्लॅंक. उच्चार करून पाहा. 'ंग' नाकातून हवा तेवढा लांबवता येतो, 'ंक'ला श्वास घशाशी अडतो.

मधला स्वर आकार आणि वजन सांगतो. 'इ' असेल तर वस्तू लहान, आवाज बारीक : पेल्याला पेला लागला, नाण्यावर नाणे पडले, तर क्लिंक. 'ॲ' आला की वस्तू मोठी. विहिरीच्या काठावर बादली आपटली, साखळी ओढली गेली, तर क्लॅंक. साखळीच्या कड्या एकमेकींना टेकलेल्याच असतात, त्यामुळे एकही कडी मोकळेपणी घुमत नाही. लोखंडी फाटक जोरात मिटून घुमत राहिले तर क्लॅंग. 'अ'चा क्लंक त्याहून जड आणि बोदा. खड्ड्यात गाडीच्या चाकाखालून येतो तो.

टिंकल आणि जिंगल यांना हा नियम पुरा लागू पडत नाही. शेवटचा 'ल' तिथे बारीक आवाजांची पुनरावृत्ती दाखवतो. काचेच्या बांगड्यांची किणकिण टिंकल. बैलांच्या घुंगरमाळा, खिशातली नाणी, किल्ल्यांचा जुडगा यांना जिंगल. तोच जुडगा कानाला टोचू लागला की जॅंगल. ऊस वाहणाऱ्या बैलगाडीला जॅंगल लिहिले, तर वाचकाला बैलांची चाल नव्हे, कटकट ऐकू येईल. काचेबाबत आणखी एक : काच 'खळ्ळकन फुटली' याला शॅटर एवढेच लिहून आवाज येत नाही, तो शब्द तुकडे होण्याचा आहे. आवाज हवा असेल तर 'विथ अ क्रॅश', आणि नंतर फरशीवर सांडणाऱ्या तुकड्यांना टिंकल. खिडकीच्या सैल तावदानांची खडखड रॅटल.

शब्द बरोबर निवडूनही वाक्य फसते ते द्विरुक्तीमुळे. मराठीला 'खणखण' लागते; इंग्रजीत 'क्लिंक-क्लिंक' असे दोनदा लिहिले की बालवाडीचे पुस्तक वाटते. पुनरावृत्ती क्रियापदावर सोपवा : 'द बॅंगल्स टिंकल्ड'. 'आवाज करत' हे तर भाषांतरात आणूच नका. फाटक 'खाडकन मिटले' याला 'द गेट क्लॅंग्ड शट' हे तीन-चार शब्द पुरतात. आवाज आणि क्रिया एकाच क्रियापदात येतात, आणि इंग्रजीची खरी ताकद इथे आहे.

प्रश्न : मेणवलीच्या घाटावरील घंटेवर इंग्रजी माहितीफलक लिहायचा आहे. तिच्या नादाला पील, चाइम की टोल? (एक शिक्षिका, वाई)

उत्तर : पील नको. पील म्हणजे अनेक घंटा एकामागोमाग वाजणे, आणि इथे घंटा एकच आहे. चाइमला सुरांची जुळणी लागते, म्हणून तो घड्याळाला शोभतो. टोल जपून वापरा. आपण 'घड्याळाने पाच टोल दिले' सहज म्हणतो, पण इंग्रजीत घड्याळ 'स्ट्राइक' करते; टोल म्हणजे सावकाश, एकेक ठोका, आणि त्याला अंत्यविधीची छाया असते. नुसता अंत्यविधीचाच शब्द हवा तर नेल. क्लॅंगही टाळा, त्यात कर्कशपणा आहे. घंटेचे ओतकाम साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील अशा मिश्रधातूचे असते, आणि त्याचा नाद खोल व लांब जातो. 'रिंग' हे साधे क्रियापद आणि जोडीला 'डीप' हे विशेषण पुरेसे आहे. फलकावर शब्दांची सजावट करण्यापेक्षा इतिहास द्या : 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या घंटा मराठ्यांकडे आल्या, त्यांतली ही एक.

प्रश्न : ओगलेवाडीच्या जुन्या कंदिलांवर इंग्रजीत लिहीत आहे. तापलेली काच तडकते तो आवाज, आणि तडा गेलेल्या काचेचा 'बद्द' आवाज, यांना काय म्हणावे? (एक वाचक, कराड)

उत्तर : तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की तेवढाच भाग एकदम आकसतो, बाकीची काच फुगलेलीच राहते, आणि तडा जातो. हा एकच, कोरडा आवाज क्रॅक. फार बारीक असेल तर पिंग. बद्दला थड लिहू नका, तो मऊ जागी जड वस्तू पडल्याचा. तड्याच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, कंपन तिथेच विरते, म्हणून नाद उठत नाही. इंग्रजीत 'डल' किंवा 'डेड' म्हणतात; त्याहून नेमके, 'इट डझन्ट रिंग'.