लिस्बन ते माद्रिद: अंतर, विमानाचा वेळ आणि घड्याळाची गंमत

आईवडिलांना घेऊन लिस्बनहून माद्रिदला विमानाने जाऊन यायचंय, पण तिकिटावरच्या वेळा जुळत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या तिकिटात काही चूक नाही. जाताना 10:00 ला सुटून 12:20 ला पोहोचणार आणि येताना 17:00 ला सुटून 17:20 ला, हे वाचून कुणीही चक्रावेल. पण दोन्ही वेळा स्थानिक आहेत आणि स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे असतं. प्रवास दोन्हीकडून साधारण एक तास वीस मिनिटांचाच.

सरळ रेषेत अंतर 500 किलोमीटरच्या आसपास आहे, रस्त्याने मात्र सव्वासहाशे. विमान प्रत्यक्ष हवेत जेमतेम तासभर असतं, बाकीचा वेळ धावपट्टीकडे सरकण्यात आणि रांगेत जातो. घरातून निघून हॉटेलात शिरेपर्यंत साडेचार-पाच तास धरा.

युरोप म्हणजे रेल्वे, असं आपल्याकडे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते इथे विसरा. दोन राजधान्या शेजारच्या देशांतल्या, तरी थेट गाडी नाही. 'लुसितानिया' नावाची रात्रीची गाडी होती, ती मार्च 2020 मध्ये कोविडमुळे थांबली आणि मग सुरूच झाली नाही. आता सीमेजवळच्या बादाहोसला वगैरे गाड्या बदलत जायचं म्हणजे दिवस गेला. आईवडील बरोबर असताना हा उद्योग नको. बस आठेक तास घेते. गाडी भाड्याने घेऊन एव्होरा, मेरिदा बघत जाणं झकास, पण एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडायचे पैसे आधी विचारा. तो आकडा ऐकून बरेच जण बेत बदलतात.

विमानतळांबद्दल थोडं. लिस्बनचा शहरातच आहे, मेट्रोची लाल लाइन दारात येते. तुमचं विमान टर्मिनल 2 वरून असेल तर टर्मिनल 1 पासून फुकट बस पकडावी लागते, त्यासाठी वेळ ठेवा. माद्रिदच्या बाराखास विमानतळावर टी4 आणि टी1-2-3 एकमेकांपासून बरेच लांब आहेत, त्यामुळे परतताना तिकिटावरचं टर्मिनल बघूनच मेट्रोतून उतरा. 8 नंबरच्या लाइनवर दोघांची स्टेशनं वेगळी आहेत आणि विमानतळासाठी तिकिटावर 3 युरो जादा पडतात.

दोन्ही देश शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट), तेव्हा एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी बिघडत नाही. पासपोर्ट मात्र हाताशी हवा. स्वस्तातल्या काही कंपन्या भारतीय पासपोर्ट काउंटरवर तपासून मगच पुढे सोडतात, म्हणून ऑनलाइन चेक-इन झालं असलं तरी लवकर पोहोचा.

आणि एक, जे कुणी आधी सांगत नाही. माद्रिद लिस्बनच्या पूर्वेला असलं तरी सूर्याच्या मानाने घड्याळ फारच पुढे आहे. 1940 मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत ते मध्य युरोपाच्या वेळेला लावलं, ते तसंच राहिलं. जूनमध्ये तिथे सूर्य पावणेदहाला मावळतो. जेवणंही त्याच हिशोबाने: दुपारी दोननंतर, रात्री नऊनंतर. आईबाबांना साडेसातला जेवायची सवय असेल तर बऱ्याच हॉटेलांची स्वयंपाकघरं तेव्हा बंदच असतात. लावापिएस भागात भारतीय खाणावळी आहेत, पोळी-भाजीची आठवण झाली तर पहिल्या संध्याकाळी तिकडे वळा.