सैन्यात नर्सिंग ऑफिसर म्हणून कमिशन मिळालं, आता कोर्स कोणता?

अभिनंदन गं! सगळे म्हणतील लगेच आयसीयू नाहीतर ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) कोर्सला अर्ज टाक, पण माझं ऐक, आधी मेडिकल-सर्जिकल वॉर्डमध्ये हात बसू दे, बिघडत चाललेला पेशंट मॉनिटर ओरडायच्या आधी ओळखणं तिथेच जमतं. ट्रॉमाचं, म्हणजे गंभीर जखमींना सांभाळायचं, ट्रेनिंग मात्र मिळेल तेव्हा घेच. त्यात मार्च (MARCH, इंग्रजी आद्याक्षरांवरून) क्रम पक्का कर, म्हणजे आधी जोराचा रक्तस्राव थांबवायचा, मग एअरवे, श्वास, रक्ताभिसरण, शेवटी हायपोथर्मिया (अंग गार पडणं) नि डोक्याची इजा, आणि टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) लावल्याची वेळ लिहायचीच. थंडीकडे बऱ्याच जणींचं दुर्लक्ष होतं, अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही. स्पेशालिटीचं नंतर सीनियरशी बोलून ठरव, त्यानंतर पोस्टिंग कुठे लागतं तेही विचार.