लाकडी फ्लोअरिंगचा रेट फोनवर सांगू नकोस

अरे, तुझा मेसेज वाचला. लॅमिनेटच्या (लाकडासारख्या दिसणाऱ्या, एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्यांच्या) फिटिंगला स्क्वेअर फुटाला किती लावू, एवढंच विचारलंयस. आकडा सांगेन रे, पण त्याआधी हे वाच, कारण एकच रेट सगळीकडे लावून चांगले हाताचे कारागीर बुडालेले मी बघितलेत.

एक हिशोब कर. १० बाय १२ ची बेडरूम म्हणजे १२० स्क्वेअर फूट, आणि भिंतीकडेची लांबी ४४ रनिंग फूट. २० बाय ३० चा हॉल म्हणजे ६०० स्क्वेअर फूट, पण कडा फक्त १००. एरिया पाचपट झाला, कडा सव्वादोन पट. आणि आपला वेळ कुठे जातो? कडेलाच ना! मधल्या पट्ट्या पटापट क्लिक होतात, पण भिंतीजवळ प्रत्येक पट्टी मापून कापायची, चौकटीखाली सरकवायची, ८-१० एमएमची गॅप सोडायची, वर स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, मारायचं.

आता समज तुझी हजेरी १५००, हेल्परचे ८००, पेट्रोल ३००, ब्लेड-टूल्सचे २००, आणि साइट बघायला फुकट जातोस त्याचे २०० धर, म्हणजे दिवसाला ३०००. (हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुझ्या एरियात जे खरे असतील ते टाक.) बेडरूमला अख्खा दिवस जातो, म्हणजे फुटाला २५ पडले. हॉल दोन दिवसांत होतो, ६०००, म्हणजे फुटाला फक्त १०. तू दोन्हीकडे १८ सांगितलास तर बेडरूम लगेच तुला मिळणार आणि तिथे ८४० खिशातून जाणार, आणि हॉल दुसरा कोणी १४ ने घेऊन जाणार, तोही फायद्यात! म्हणून आधी दिवस मोज, त्यावर तुझा नफा टाक, मग गिऱ्हाईकाला फुटाचा रेट लागत असेल तर त्या रकमेला एरियाने भाग. आणि छोट्या कामाला मिनिमम चार्ज ठेवच, एका दिवसाच्या खाली उतरायचंच नाही.

फोनवर कोणी घाई केली तर सांग, साइट बघून सांगतो. जाताना २ मीटरची सरळ पट्टी ने, टाइल्सवर ठेव, खाली ३ एमएमपेक्षा जास्त फट दिसली की लेव्हलिंग, म्हणजे जमीन सपाट करणं, आलं, आणि त्याचे पैसे वेगळे. ते न करता बसवलंस तर चालताना पोकळ आवाज येतो, जॉइंट उघडतात, आणि सहा महिन्यांनी फोन तुलाच येतो. तळमजला असेल, बाथरूमची भिंत लागून असेल, किंवा पावसाळा असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून एक दिवस ठेवायला सांग, खाली थेंब धरले तर तारीख पुढे ढकल, कितीही मागे लागले तरी.

दारं मोज! ८ एमएमचं लॅमिनेट, खाली २ एमएमचा फोम, म्हणजे फरशी १० एमएम वर येते आणि दार घासतं. दार उतरवून खालून कापून परत लावायचे पैसे दारामागे लिही. प्रोफाइल (दारात किंवा जोडावर लावायची पट्टी) आणि स्कर्टिंग रनिंग फुटावर. सामान हलवायचं कोणी, बॉक्स वर चढवायचे कोणी, सोसायटी किती वाजेपर्यंत काम करू देते, हे आधीच विचारून घे, लिफ्ट बंद असली तर अर्धा दिवस जिन्यातच जातो.

मटेरियल तुझ्याकडून असेल तर सरळ बसवायला ८ टक्के वेस्टेज धर, हेरिंगबोनला (तिरक्या नागमोडी नक्षीला) १५ पर्यंत, आणि मग पूर्ण बॉक्समध्ये मोज. मटेरियलचे पैसे आधी, पूर्ण. मजुरी निम्मी काम सुरू करताना, उरलेली स्कर्टिंग झालं की त्याच दिवशी.

"शेजारी १२ मध्ये झालं" हे ऐकायला मिळणारच. तेव्हा रेट नको तोडू, काम कमी कर. सामान तुम्ही हलवा, जुनं स्कर्टिंग तुम्ही काढून ठेवा, मग इतके कमी करतो, असं बोल. नुसताच रेट पाडलास की पहिला आकडा फुगवलेला होता असं त्यांना वाटतं आणि पुढे प्रत्येक गोष्टीत घासाघीस होते.

वाकडच्या त्या फ्लॅटचं कोटेशन द्यायच्या आधी मला पाठव. मापं, दारं किती, आणि पट्टी ठेवलेले फोटो, प्रत्येक खोलीचे दोन तरी. रात्री नऊनंतर फोन कर, मी मोकळा असतो.